पद्मिनी तापली तर हसू नका!

सावंतवाडीहून आंबोलीला जाताना एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी बॉनेट उघडून कडेला उभी दिसली, तर लगेच फोटो काढून स्टेटसला टाकू नका. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास ७०० मीटरवर आहे. खालच्या गिअरमध्ये तो घाट चढायचा, म्हणजे इंजिन तापणारच. त्यात रेडिएटर आतून गंजाने तुंबलेला असला की पाणी उकळलंच समजा. पण अशी गाडी आपल्याकडेच बनली पाहिजे, म्हणून एका सोलापूरकराने अख्खं आयुष्य खटपट केली, ते ठाऊक आहे का?

सांगलीच्या वालचंद कॉलेजचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तेच हे वालचंद हिराचंद. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापुरातल्या गुजराती जैन व्यापारी घरात. शिकायला मुंबई-पुण्याला गेले, पण डिग्री काही पूर्ण झाली नाही. घरच्या पेढीवर बसण्यात रस नव्हता. मग लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाला भागीदार करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट घेतलं. पुढे बोरघाटातले बोगदे, तानसा तलावाचं पाणी मुंबईला आणणारे नळ अशी एकेक मोठी कामं मिळत गेली.

१९२६ मध्ये त्यांनी इंडियन ह्यूम पाइप ही कंपनी काढली. लोखंडी नळ गंजतो, हे आपल्याला घरच्या नळावरूनच कळतं. ह्यूम पाइप म्हणजे सळ्यांचा पिंजरा साच्यात ठेवून, साचा गरगर फिरवत त्यावर काँक्रीट चढवायचं. फिरण्याच्या जोराने ते घट्ट दाबलं जातं. शिवाय सिमेंट अल्कधर्मी, त्यामुळे आतल्या सळीला सहसा गंज चढत नाही. केमिस्ट्रीचा हा मुद्दा लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

त्याआधी १९१९ मध्येच ते जहाजांच्या धंद्यात उतरले होते. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. १९४० मध्ये बंगळुरूला विमान कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी. दोन्ही पुढे सरकारकडे गेले. मोटारीसाठी मात्र इंग्रज सरकार हात आखडूनच होतं. अमेरिकेतल्या क्रायसलरशी करार झाला, तरी युद्धामुळे घोडं अडलं. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

मला विचाराल तर त्यांचं खरं मोठेपण पुढच्या गोष्टीत आहे. परदेशातून सुटे भाग आणून नुसती जोडणी करणं सोपं होतं. फोर्ड, जनरल मोटर्स इथे तेच करत होत्या. भाग इथेच बनवा, असं सरकारने १९५३ च्या सुमाराला बजावलं, तेव्हा त्या दोघी गाशा गुंडाळून गेल्या. कुर्ला टिकलं. वालचंदांनी १९५१ मध्ये इटलीच्या फियाटशी हात मिळवला होता, तो उपयोगी पडला. पण ते पाहायला ते उरले नव्हते. पक्षाघाताने आधीच खचले होते, ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूरला गेले. फियाट ११०० त्यानंतर आली, आणि तिचंच नाव पुढे पद्मिनी झालं.

आता बॉनेटखाली बघा. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर तांबं-पितळेचा आणि त्याचे सांधे डाखलेले. वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडाले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. मग ॲल्युमिनियम खात जातं, बिडाचा गंज सुटतो आणि त्याचा गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ओतलं तर वर क्षारांचा थर. आपल्याकडे गळती दिसली की रेडिएटरमध्ये हळद टाकतात! गळती थांबते, पण हळदीचा चोथा नळ्यांतही जाऊन बसतो. घरी पोचण्यापुरता उपाय म्हणून ठीक, पुढे रेडिएटर साफ करून सांधा डाखून घ्यावाच लागतो.

कूलंट म्हणजे फक्त रंगीत पाणी नव्हे. त्यातली गंजरोधक रसायनं धातूवर पातळ कवच धरतात आणि पाणी किंचित अल्कधर्मी ठेवतात. ह्यूम पाइपमधल्या सळीला सिमेंट जसं सांभाळतं, काहीसं तसंच. आजोबांची पद्मिनी अजून पडवीत उभी असेल तर आधी जुनं पाणी काढून आतून स्वच्छ धुवा. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. रबरी होजच्या टोकांशी, सांध्यांशी पांढरी-हिरवी पुटं दिसली की तिथे पाणी झिरपतंय. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, वाफ तोंडावर येते. दर दोन वर्षांनी कूलंट बदला; तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने नको, पेंटने लिहा. आंबोलीच्या पावसात खडू टिकत नाही.