तेरचे गोरोबाकाका आणि पिकअपचा रिव्हर्स सेन्सर

गाडी मागे घेताना लेकरू दिसलं नाही, अशी बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येतेच. माझं गाव तेर. आमच्याकडे हीच गोष्ट गाड्या यायच्या कितीतरी आधीपासून सांगितली जाते, फक्त तिच्यात चाकांऐवजी एका कुंभाराचे पाय आहेत. ती गोष्ट संत गोरा कुंभारांची, म्हणजे आमच्या गोरोबाकाकांची. आणि आज गावात निम्मी पोरं पिकअप घ्यायच्या नाहीतर विकायच्या विचारात असतात, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतो.

परंपरेनुसार काकांचा जन्म १२६७ चा. नामदेव १२७० चे आणि ज्ञानेश्वर १२७५ चे, असं धरलं तर या सगळ्या मंडळींत काका वयाने मोठे. म्हणूनच ते सगळ्यांचे काका झाले. काम पिढीजात: माती आणायची, भिजवायची, तुडवायची, चाकावर मडकी घडवायची, थापटण्याने ठोकून आकार द्यायचा आणि आव्यात भाजायची. गावही काही साधं नव्हतं. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून त्याची नोंद आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरापर्यंत जायचं. म्हणजे मालवाहतूक आमच्या गावाला नवीन नाही!

काकांचं जे चरित्र आपण ऐकतो, ते बरंचसं महिपतींच्या १७६२ च्या 'भक्तविजय' ग्रंथातून आलंय, काकांनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी लिहिलेलं. त्यामुळे त्यात इतिहास किती आणि श्रद्धा किती हे मोजत बसत नाही. कथा अशी: बायको पाण्याला गेली आणि रांगतं मूल काकांच्या भरवशावर ठेवून गेली. काका विठ्ठलनामात रंगून चिखल तुडवत होते. मूल रांगत त्या चिखलात आलं आणि पायाखाली तुडवलं गेलं. काकांना कळलंसुद्धा नाही.

लहानपणी कीर्तनात हे ऐकलं की मी कान झाकायचो. आता इंजिनियर म्हणून ऐकतो तेव्हा त्यात तीन गोष्टी दिसतात: मूल जमिनीलगत होतं, आजूबाजूला चिखल होता आणि लक्ष दुसरीकडे होतं. काकांच्या भक्तीचं मोजमाप करायचा माझा हेतू नाही. पण रिव्हर्स सेन्सर नेमका याच तीन ठिकाणी कमी पडतो.

मागच्या बंपरमध्ये ज्या गोल टिकल्या दिसतात, त्या साधारण ४० हजार हर्ट्झचा आवाज सोडतात. तो आपल्याला ऐकू येत नाही. तो कशावर तरी आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून अंतर काढलं जातं. एक मीटरवर काही असेल तर प्रतिध्वनी साधारण ६ मिलिसेकंदांत परत येतो. इथवर झकास. पण टिकलीवर काळ्या मातीचा थर बसला की ती बहिरी. मऊ कपड्यात आवाज मुरतो. अगदी खाली बसलेलं लेकरू आवाजाच्या पट्ट्याच्या खाली राहू शकतं.

पिकअपची दुखणी तर आणखी वेगळी. मागचा फाळका खाली सोडलेला असला की तो सेन्सरच्या आड येऊ शकतो. हौद्यात माल भरला की केबिनच्या मागच्या काचेतून काहीच दिसत नाही. वजनाने मागचे पाटे दबतात, सेन्सरचा रोख जमिनीकडे वळतो आणि तो उगाच बोंबलायला लागतो. मग कंटाळलेला ड्रायव्हर काय करतो? वायर काढून टाकतो.

आता हिशोब बघा. ताशी ५ किलोमीटर म्हणजे माणूस चालतो तेवढाच वेग. त्या वेगाने मागे येणारी गाडी दीड मीटर अंतर साधारण एका सेकंदात संपवते. साधा सेन्सर फक्त ओरडतो, ब्रेक तुम्हालाच मारायचाय. गाणं मोठ्याने लावलेलं असेल तर तो एक सेकंदही गेला. कॅमेरा असेल तर खालचं लेकरू दिसण्याची शक्यता वाढते, पण काच पुसलेली हवी. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी कारना मागचा सेन्सर सक्तीचा झाला. पिकअप मालवाहू गटात मोडते, तेव्हा आपल्या गाडीत तो आहे का, हे स्वतः वाकून बघा.

काकांची कथा पुढे फार कठीण होते. चिडलेल्या काकांना बायकोने विठ्ठलाची शपथ घातली, मला हात लावायचा नाही म्हणून. ती त्यांनी शब्दशः पाळली. सासऱ्यांनी दुसरी मुलगी दिली आणि दोघींना सारखंच वागवायला सांगितलं, तर काकांनी तीच शपथ तिलाही लागू केली. पुढे झोपेत शपथ मोडली गेली, तेव्हा त्यांनी स्वतःचेच हात तोडून घेतले. मग पंढरपूरला नामदेवांच्या कीर्तनात टाळी वाजवायला थोटे हात वर केले आणि हात परत आले, मूलही परत आलं, असं कथा सांगते. आपल्या अंगणात तेवढं होत नाही.

मला काकांचा सगळ्यात आवडणारा प्रसंग मात्र नंतरचा आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी थापटणं पाहून ते कशासाठी, असं विचारलं. मडकं पक्कं की कच्चं ते याने कळतं, असं काकांनी सांगितलं आणि मग एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं. नामदेवांना लागलं खूप, पण ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू केलं.

जुनी पिकअप घेताना मेकॅनिक हेच करतो. दारावर, केबिनच्या कोपऱ्यावर बोटाच्या पेराने टकटक. मोकळा पत्रा खणखणीत वाजतो, आत लांबी भरली असेल तर आवाज बसका येतो. लोहचुंबकही तिथे नीट चिकटत नाही. मग हौद्याखाली वाकून चासीवर वेल्डिंगचे नवे डाग आहेत का ते बघायचं. एमपरिवहन अ‍ॅपवर फिटनेस आणि विम्याची मुदत तपासायची. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतं, हे भाव ठरवताना धरायचं. विकणारा चिडला तर चिडू द्या, नामदेवही चिडले होते.

तुम्ही विकणारे असाल तर कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ देऊन बँकेचा बोजा उतरवा, फॉर्म २९ आणि ३० भरा आणि आरसीवर नवं नाव चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. पैसे घेतले, चावी दिली, विषय संपला, असं होत नाही. नोंदणीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. नव्या मालकाने मागे न बघता गाडी घेतली, तरी नोटीस तुमच्या दारात येऊ शकते.

काकांनी १३१७ मध्ये देह ठेवला असं मानतात. तेरणा नदीच्या काठावर त्यांची समाधी आहे आणि चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते. यात्रेत गाड्यांमागच्या सावलीत पोरं खेळत बसतात. तिथे गाडी काढताना आधी खाली उतरून मागे एक चक्कर मारा, गाणं बंद करा आणि क्लीनरला मागे उभं करा, तो आरशात दिसेल अशा जागी.