सुईने मिळविलेले स्वातंत्र्य

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, हे मराठी वाचकांस ठाऊक आहेच. मात्र त्याच दास्यातून स्वतःच्या सुईच्या बळावर बाहेर पडलेल्या एलिझाबेथ केकली यांचे चरित्र आपल्याकडे फारसे परिचित नाही.

केकलीबाईंचा जन्म १८१८ साली व्हर्जिनियात झाला. आई गुलाम, तर जन्मदाता आईचा मालकच. शिवणकाम त्या आईकडूनच शिकल्या. तारुण्यात त्यांनी चाबकाचे फटके सोसले. एका गोऱ्या पुरुषाच्या बळजबरीतून त्यांना जॉर्ज हा मुलगा झाला. पुढे मालकाचे कुटुंब सेंट लुईस येथे आले. तेथे त्याची स्थिती इतकी खालावली की, घरातील सतरा माणसांचे पोट बाईंच्या शिवणावर चालू लागले.

बाईंनी स्वतःची व मुलाची मुक्तता मागितली, तेव्हा मालकाने नदीपार पळून जाण्यासाठी होडीचे भाडे पुढे केले. त्यांनी ते नाकारले. त्यांना पळ नको होता, कायदेशीर मुक्तता हवी होती. किंमत ठरली १,२०० डॉलर. गिऱ्हाईक स्त्रियांनी ती रक्कम उभी करून दिली आणि नोव्हेंबर १८५५ मध्ये मायलेक स्वतंत्र झाले. ते ऋण बाईंनी शिवणकाम करून पुरते फेडले.

१८६० मध्ये त्या वॉशिंग्टनला आल्या. जेफरसन डेव्हिस यांच्या पत्नीचे कपडे त्यांनी शिवले. हेच डेव्हिस पुढे बंडखोर दक्षिणेचे अध्यक्ष झाले. १८६१ पासून बाई अध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीच्या शिंपीण व जिवलग मैत्रीण झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एकुलता एक जॉर्ज उत्तरेच्या बाजूने लढताना पडला. सहा महिन्यांनी लिंकन यांचा मुलगा विली गेला, तेव्हा त्या मातेचे सांत्वन बाईंनीच केले. मुक्त झालेल्या निराधार बांधवांसाठी त्यांनी १८६२ मध्ये मदतसंस्थाही स्थापन केली.

१८६८ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले. लोकनिंदेत सापडलेल्या मैत्रिणीची बाजू मांडावी, हा हेतू. परंतु पुस्तकात तिची खाजगी पत्रे छापली गेली. मैत्री तुटली, गिऱ्हाइके दुरावली. जॉर्ज जेथे शिकला त्या विल्बरफोर्स विद्यापीठात त्यांनी उतारवयात शिवणकला शिकविली. १९०७ साली वॉशिंग्टनमधील निराधारांच्या आश्रमात त्यांचे देहावसान झाले.

२०१३ मध्ये त्यांच्या जीवनावर इंग्रजीत ऐतिहासिक कादंबरी निघाली. तिचा मूळ आधार, बाईंचे ते आत्मचरित्र, आजही वाचले जाते. ज्या पुस्तकाने त्यांची उपजीविका हिरावली, त्यानेच त्यांचे नाव राखले. परमुलखात हातच्या कसबावर संसार उभारणाऱ्या आपणां सर्वांना हे चरित्र परके वाटू नये.