शूरांच्या मनाचा वैद्य

रणांगणावर देहाला झालेली जखम सर्वांस दिसते. मनाला झालेली जखम मात्र सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. अशा जखमांवर उपचार करण्यांत ज्यांनीं आपली विद्या वेंचली, त्या डॉ. विल्यम रिव्हर्स यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

रिव्हर्स यांचा जन्म १८६४ सालीं इंग्लंडांतील केंट परगण्यांत झाला. त्यांचे वडील तोतरेपणावर उपचार करीत; तथापि मुलाची वाणी जन्मभर अडखळतच राहिली. तरी हताश न होतां रिव्हर्स १८८६ सालीं वैद्यकीचे पदवीधर झाले व पुढें केंब्रिज येथें मानसशास्त्र शिकवूं लागले. १९०१-०२ मध्यें ते आपल्या देशांत येऊन निलगिरीच्या तोडा लोकांतहि राहिले होते.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. तोफांच्या भडिमारांत महिनोन्महिने खंदकांत काढून सैनिक परतत, तेव्हां कोणाची वाचा गेलेली असे, तर कोणी रात्रीं किंचाळत उठे. पुष्कळांस हा भ्याडपणा वाटे. पलायन, भ्याडपणा इत्यादि आरोपांवरून ब्रिटिश सैन्यांतील तीनशेंहून अधिक शिपायांना गोळ्या घालण्यांत आल्या. त्यांना मरणोत्तर क्षमा मिळण्यास २००६ साल उजाडावें लागलें.

१९१६ सालीं रिव्हर्स एडिंबरो येथील क्रेगलॉकहार्ट लष्करी रुग्णालयांत रुजू झाले. झालें गेलें विसरा, हाच उपदेश तेथील रुग्णांना पूर्वीं मिळालेला असे. परंतु दिवसा दडपलेली आठवण रात्रीं स्वप्नांत दुप्पट बळानें उसळते, हें रिव्हर्स यांनीं ओळखलें. ते रुग्णाची हकीकत शांतपणें ऐकत व तींत सांत्वनाचा कांहीं अंश शोधून देत. एका अधिकाऱ्यास मित्राच्या छिन्नभिन्न देहाचीं स्वप्नें पडत. मित्राला तत्काळ मरण आलें, यातना भोगाव्या लागल्या नाहींत, हा विचार त्यांनीं त्याला सुचविला. पुढें तें स्वप्न पुन्हां पडलें, पण त्यांतील भय नाहींसें झालें होतें. दुसऱ्या एकाच्या आठवणींत असा अंश सांपडला नाहीं, हेंहि त्यांनीं प्रांजळपणें लिहून ठेविलें.

बरा झालेला रुग्ण मात्र पुन्हां रणांत जावयाचा! शौर्यपदक मिळविलेले कवि सिगफ्रीड ससून यांनीं १९१७ सालीं युद्धाचा जाहीर निषेध केला, म्हणून त्यांना तेथें धाडण्यांत आलें. त्यांच्याशीं बोलतां बोलतां रिव्हर्स यांचेंच मन युद्धाविषयीं साशंक झालें. अखेर ससून स्वेच्छेनें आघाडीवर परतले. रिव्हर्स यांचें ऋण मात्र ते कधीं विसरले नाहींत.

४ जून १९२२ रोजीं केंब्रिज येथें रिव्हर्स यांचें अकस्मात् निधन झालें. ज्यांना स्वतः बोलतांना कष्ट पडत, त्यांनीं इतरांची मुकी व्यथा बोलती केली. महाराष्ट्रांतील कितीएक घरांतून पुरुष लष्करांत गेलेले आहेत. त्यांपैकीं परतलेले कोणी काका वा आजोबा एकटेच गप्प बसलेले दिसले, तर त्यांना हंसूं नये. त्यांच्याजवळ बसावें आणि ते बोलतील तें ऐकावें, एवढेंच आमचें बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगणें आहे.