फोटोत न आलेले बालगंधर्व

यंदा आमच्या खारेपाटणला दशावतार बघायला गेले, तर भाचाही कॅमेरा घेऊन सोबत आला. रात्री दोनच्या सुमारास राणीचा शोक सुरू झाला. राणीच्या वेषातला पुरुष पदर सावरत असा रडला, की आम्ही बायका डोळे पुसायला लागलो. भाच्याने पटापट फोटो काढले. फ्लॅश मात्र मी मारू दिला नाही. अहो, नटाच्या डोळ्यांवर झोत आला की संपलंच ना! घरी येऊन बघतो तर बहुतेक फोटो हललेले.

तेव्हा मला आजीच्या ट्रंकेतला फोटो आठवला. नऊवारी, अंबाड्यावर वेणी, मान किंचित कललेली. लहानपणी मला ती आमची कुणी नात्यातली बाईच वाटायची. ते होते बालगंधर्व!

नारायण श्रीपाद राजहंस, जन्म 26 जून 1888. किर्लोस्कर मंडळीत ते स्त्रीभूमिका करू लागले आणि 1913 मध्ये त्यांची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू ही त्यांची गाजलेली रूपं. त्यांचं लुगडं नेसणं, केस बांधणं बघून घरंदाज बायकाही तसंच करू लागल्या. नाटक बघायला न मिळालेल्या माझ्या आजीसारख्या कितीतरी जणींपर्यंत ते पोचले, ते फोटोतूनच.

पण मैत्रिणींनो, ते फोटो चालत्या नाटकातले नव्हेत. त्या काळी काचेवर फोटो निघायचा. रंगमंचावरच्या मंद उजेडात हलता माणूस त्यात पकडणं फार कठीण. म्हणून नट स्टुडिओत जायचे, रंगवलेल्या पडद्यापुढे निश्चल उभे राहायचे. आपण ज्याला अभिनय म्हणतो, ती खरं तर धरून ठेवलेली पोझ!

मग निसटलं काय? 12 मार्च 1911. मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द करता आला असता, पण ते उभे राहिले आणि भामिनी होऊन गायले. त्या रात्रीचा चेहरा कुठल्या काचेवर उमटला असता? आणि घरी त्यांची पत्नी लक्ष्मीबाई, त्या माउलीचं काय झालं असेल? लोक नटाचं कौतुक करतात, मला मात्र तीच आठवत राहते.

पुढे मंडळी कर्जात बुडाली, बोलपट आले, वय झालं. 1964 मध्ये पद्मभूषण मिळालं. 15 जुलै 1967 रोजी ते गेले. पुण्यातलं त्यांच्या नावाचं रंगमंदिर उघडलं 1968 मध्ये, त्यांच्या जन्मदिवशी. तिथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी चित्रं आहेत, एक पुरुषरूपातलं आणि एक स्त्रीवेषातलं. पुण्याला गेलात तर जरूर बघा.

भाचा हललेले फोटो पुसून टाकत होता. एक मी ठेवायला लावला. त्यात राणीचा चेहरा धूसर आहे, पण डोळ्यांकडे जाणारा हात दिसतो. आजीच्या फोटोतली बाई देखणी आहे खरी, पण ती रडत नाही. ही रडतेय.