देवळालीचे कापरेकर मास्तर आणि ६१७४ ची गंमत

नाशिकजवळच्या देवळालीत १९३० साली एक तरुण शाळामास्तर म्हणून रुजू झाला आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिला. नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांच्या हाताखालून बत्तीस वर्षांत कितीतरी पोरं गेली. शेवटच्या वर्गातली पोरंसुद्धा आज पंच्याहत्तरी ओलांडलेली आजोबा मंडळी आहेत. शाळेतलं बरंचसं गणित माणूस विसरतो, पण या मास्तरांचा ६१७४ हा आकडा एकदा करून बघितला की विसरत नाही.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद. ज्योतिष म्हटलं की आकडेमोड आलीच, ती पोराच्या अंगात भिनली. शाळा ठाण्यात झाली, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. तिथे १९२७ साली गणितातल्या स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं बक्षीस मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि पुढच्या वर्षी देवळाली गाठली. त्यापुढचं शिक्षण काही झालं नाही.

आता मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा. मोठीतून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरायचं, तो टाकायचा नाही.

मास्तरांचं जन्मसाल १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग ९५३१ वजा १३५९, आले ८१७२. असंच पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४. तिथून पुढे कितीही करा, ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च. गाडी तिथेच अडते. कोणत्याही संख्येला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. निवृत्तीचं साल १९६२ घेतलं तर दोनच पायऱ्यांत काम होतं. तुमचं साल किती पायऱ्या घेतं ते बघाच!

हे मास्तरांनी १९४६ च्या सुमारास शोधलं आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. आज जगभर त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

वर्गात पोरांना मास्तर आवडायचे त्याचं कारणही हेच. आकड्यांचं वेड त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं नाही, पोरांनाही लावलं. आजूबाजूच्या कॉलेजांतूनही त्यांना बोलावणं येई. त्यांच्या संख्या अशा, की पाटीवर खडूने करून बघता येतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशांना कापरेकर संख्या म्हणतात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी हर्षद म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. १२ घ्या, १ अधिक २ तीन, आणि तिनाने बाराला भाग जातो. काही संख्यांना त्यांनी चक्क गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ तयार होते. पण २० ही कोणत्याच संख्येत तिचे अंक मिळवून तयार होत नाही, म्हणून ती देवळाली संख्या. डेम्लो संख्या म्हणूनही एक प्रकार आहे, तो डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून.

पण मोठ्या गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. पुष्कळ जण हसले. नामांकित नियतकालिकांत जागा मिळेना, मग मास्तरांनी बऱ्याच पुस्तिका स्वतःच काढल्या. त्यावर प्रकाशक म्हणून लेखकच, आणि पत्ता देवळालीचा. शाळामास्तराच्या पगारात हे किती अवघड असेल ते वेगळं सांगायला नको. नावापुढे मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही, मग ऐकणार कोण? तरी त्यांनी लिहिणं सोडलं नाही.

निवृत्तीनंतरचे दिवस जड गेले. १९६६ साली पत्नी गेल्या. पेन्शन पुरत नव्हती, म्हणून या वयातही गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांच्या कामावर लिहिलं. गणिताची कोडी आवडणारे लोक जगभर ते सदर वाचायचे. देवळालीच्या मास्तरांचं नाव अशा रीतीने दूरदूर पोचलं, तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं. ज्या कामाला इथले लोक हसले, त्यावर पुढे परदेशातल्या गणितज्ञांनी लेख लिहिले.

१९८६ साली कापरेकर गेले. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर त्याला आधी तीन अंकी संख्या द्या, तिथे शेवटी ४९५ येतात. मग चार अंकी.