रातांधळ्यांची वंशावळ मांडणारा डॉक्टर

वळू निवडताना त्याची आई किती दूध देत होती, हे आपण आधी विचारतो. माणसाच्या डोळ्यांच्या दुखण्याकडे असेच मागच्या पिढ्या धरून पाहणारे एक इंग्रज डॉक्टर होऊन गेले. एडवर्ड नेटलशिप त्यांचे नाव. आणि गंमत म्हणजे त्यांचे पहिले शिक्षण शेतीचेच!

त्यांचा जन्म १८४५ चा, इंग्लंडमधील केटरिंग गावचा. वडील वकील. एडवर्डला शिवाराची ओढ, म्हणून सायरनसेस्टरच्या शेतकी कॉलेजात गेले, मग लंडनला जनावरांचे डॉक्टर झाले. तिथून वळले माणसांकडे. लंडनच्या सेंट थॉमस आणि मूरफील्ड्स रुग्णालयांत त्यांनी नाव कमावले. १८९४ मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन त्यांनीच केले.

१९०२ मध्ये भर धंद्यातून निवृत्ती घेतली आणि खरे काम पुढेच सुरू झाले. डोळ्यांची कोणती दुखणी रक्तातून येतात, हे शोधायचे त्यांनी ठरवले.

फ्रान्सच्या दक्षिणेस वांदेमियां नावाचे खेडे आहे. तिथे झां नुगारे नावाचा खाटीक राहत होता, जन्म १६३७ चा. दिवसा चांगली नजर, अंधार पडला की काही दिसत नसे. त्याच्या वंशातही तेच. १८३८ मध्ये एका डॉक्टरने या कुळाची माहिती छापली होती. नेटलशिप यांनी ती वाढवून १९०७ मध्ये दहा पिढ्यांची वंशावळ मांडली. २,१०० हून जास्त माणसे, त्यांत १३५ रातांधळी! तलाठी भाऊसाहेबांनो, साधी वारसनोंद करताना किती चपला झिजतात, ते तुम्ही जाणता.

त्या झाडावरून एक गोष्ट उघड झाली. रातांधळे मूल ज्याच्या पोटी आले, तो बाप किंवा ती आई स्वतः रातांधळी होती. त्या घरातल्या ज्या मुलाला रात्री नीट दिसे, त्याच्या पुढच्या पिढीत हा दोष आला नाही. म्हणजे घराण्याला डाग लावून चांगल्या मुलीचे लग्न मोडण्यात काही अर्थ नव्हता.

पण हा नियम सगळीकडे लावू नका. आपल्याकडे लहान मुलांत रातांधळेपणा येतो तो बहुधा ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्याने. तो रक्तातला नव्हे, वेळीच औषध मिळाले तर बरा होतो. तिसरा प्रकार वाईट. त्यात डोळ्याचा आतला पडदा हळूहळू निकामी होतो, नजर चहूबाजूंनी आखडत जाते. अशीही शेकडो घराणी नेटलशिप यांनी टिपली. इथे पुष्कळदा आईबाप दोघेही डोळस असतात, दोष दोघांत लपलेला असतो. नात्यातली सोयरीक असली की तो एकत्र येण्याचा संभव वाढतो. म्हणून डॉक्टरकडे गेलात तर आजा-पणज्याचेही सांगा आणि नवराबायको नात्यातले असतील तर तेही लपवू नका.

उतारवयात त्यांनी कोडासारख्या जन्मजात पांढरेपणाचा अभ्यास केला, त्यासाठी कुत्र्यांच्या पैदाशीतही लक्ष घातले. जुनी जनावरांची विद्या सुटली नव्हती! १९१२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. १९१३ मध्ये ते वारले.

नुगारे कुळाच्या रक्तात नेमका कोणता जनुक बिघडला होता, ते १९९६ मध्ये सापडले. त्यासाठी त्याच कुळाच्या वारसांची तपासणी झाली.