तराई वसविणारे गोविंद वल्लभ पंत

महाराष्ट्रातून कुमाऊँत जाऊन स्थिरावलेल्या एका कुळात, अल्मोड्यानजीकच्या खूंट गावी, १० सप्टेंबर १८८७ रोजी गोविंद वल्लभ पंतांचा जन्म झाला. काशीपुरास वकिली करीत असता हिमालयाच्या पायथ्याची तराई त्यांनी जवळून पाहिली. जमीन सुपीक, पाणी विपुल. परंतु दाट अरण्य आणि हिवताप यांपुढे बाहेरचा शेतकरी टिकत नसे.

१९२८ साली लखनौस सायमन कमिशनच्या निषेधात लाठ्या झेललेले पंत १९४६ मध्ये पुन्हा संयुक्त प्रांताचे प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना तराईत जमीन देऊन वसविण्याचे काम त्यांच्या सरकारने हाती घेतले. फाळणीनंतर पंजाबातील निर्वासितांनाही तेथे आसरा मिळाला. ट्रॅक्टरांनी रान मोडले, डी.डी.टी.ने डास हटविले आणि रुद्रपूरच्या परिसरात भात, गहू, ऊस डोलू लागले.

मात्र पिढ्यान्‌पिढ्या तो हिवताप सोसून तेथेच राहिलेल्या थारू व बुक्सा लोकांच्या हातून पुढे पुष्कळ जमीन निसटली. सैनिकाला घर देणाऱ्या या कार्याचे मोल करताना त्यांचे ऋणही मोजावे लागते.

७ मार्च १९६१ रोजी पंत निवर्तले. तराईतील कृषी विद्यापीठास आज त्यांचेच नाव आहे.